तीस संगणकांचा तपासणी-दाखला

"संगणक कधीही चूक करत नाही. चूक करतो तो माणूस," हे वाक्य फळ्यावर लिहून, त्याखाली ठसठशीत रेघ ओढून मी मागे वळलो, आणि चौदा नंबरचा संगणक बंद पडला.

पडदा काळा झाला, आतून 'टक्' असा आवाज आला आणि मग तो आपला आपण पुन्हा सुरू व्हायला लागला. त्याच्यामागोमाग एकोणीस नंबर गेला. मग सत्तावीस.

"सर, माझं घर गेलं," मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली. चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये ती अर्धा तास एक बंगला काढत बसली होती.

"सेव्ह नव्हतं केलंस?"

"छप्पर राहिलं होतं, सर."

वर्ग हसला. मला हसून चालण्यासारखं नव्हतं. मी विभागप्रमुख होतो.

ही दोन हजार तीन सालातली गोष्ट. बार्शीच्या एका महाविद्यालयात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभागात माझ्याशिवाय दुसरं कोणीच नसल्यामुळे ही नेमणूक बिनविरोध झाली होती. पुण्यात सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स केला होता आणि तिथून येताना एक चांगला स्क्रूड्रायव्हरचा संच आणला होता. एवढ्या भांडवलावर गावात 'केसकर सर म्हणजे तज्ज्ञ' असं झालं होतं आणि मीही कोणाचा गैरसमज दूर करायला गेलो नव्हतो.

नव्या प्रयोगशाळेत तीस संगणक येऊन पाच आठवडे झाले होते. फीत कापली गेली होती, नारळ फुटला होता. नारळाचं निम्मं पाणी दोन नंबरच्या कीबोर्डवर उडालं होतं. तो कीबोर्ड आजतागायत ठणठणीत होता. बंद पडत होते ते ज्यांना नारळ दुरूनही दिसला नव्हता असे.

मी शास्त्रशुद्ध उपाय सुरू केले. कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायच्या, पुन्हा बसवायची. महाराष्ट्रातलं निम्मं हार्डवेअर त्या काळी खोडरबरावर चालायचं. त्याने नाही भागलं तर विंडोज नव्याने टाकायचं. त्यानेही नाही भागलं तर गंभीर चेहरा करून 'व्हायरस' म्हणायचं. मी तिन्ही केलं. चौदा नंबर तिसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

"सर," मागून यमुनाबाई म्हणाल्या, "खिडकीकडची पाच मशिनं कधीच पडत न्हाईत."

यमुना भडकुंबे म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. आधी रसायनशास्त्राकडे परीक्षानळ्या धुवायच्या, आता इकडे आल्या होत्या. कुलूप उघडणं, झाडणं, पुसणं, मुलांच्या चपला बाहेर ओळीत लावायला सांगणं ही त्यांची कामं. आठ वर्षं रोजंदारीवर होत्या. त्यांना कायम करण्याचा कागद एकदाचा प्राचार्यांच्या टेबलापर्यंत पोचला होता आणि तिथे विसावला होता.

"यमुनाबाई," मी म्हणालो, "खिडकीचा आणि संगणकाचा काही संबंध नसतो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढची फरशी पुसायला लागल्या.

आता हे संगणक कसे निवडले गेले ते सांगायला हवं. त्यासाठी खरेदी समिती होती. इतिहासाच्या सरांचा आग्रह होता की कॅबिनेट काळ्या रंगाची असावीत, धूळ दिसत नाही. मराठीच्या बाईंना स्पीकर हवे होते. अधीक्षकांचा एकच प्रश्न होता, वॉरंटीचे कागद किती प्रतींत मिळतील. पुरवठादार होते अभयसिंह डोईफोडे. त्यांची निवड समितीकडे येण्याच्या बरीच आधी झाली होती, कारण ते संस्थेचे सचिव अप्पासाहेब नलवडे यांचे जावई होते. समितीने त्यांना एकमताने पसंत केलं, म्हणजे अप्पांच्या घरी आधीच झालेल्या पसंतीला दुजोरा दिला.

माझं काम तांत्रिक. डोईफोड्यांनी नमुना म्हणून सगळे सुटे भाग टेबलावर मांडले होते. मी मदरबोर्ड उजेडात धरून पाहिला, हार्ड डिस्क कानाशी नेली. शेवटी पॉवर सप्लायचा डबा हातात घेतला. भिंतीतून येणारी वीज संगणकाला पचेल अशी करून देणारा हा चौकोनी पत्र्याचा डबा कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात बसतो. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पुण्याच्या आमच्या सरांनी शिकवलं होतं, चांगला पॉवर सप्लाय हाताला जड लागतो, आत तांबं आणि लोखंड नीट भरलेलं असतं, हलका लागला तर परत करा. मी डबा तळहातावर तोलला, डोळे किंचित मिटले आणि म्हणालो, "माल चांगला आहे."

"सरांच्या हातातच काटा आहे," डोईफोडे म्हणाले. समितीने माना डोलावल्या. मला ते वाक्य फार आवडलं होतं. त्यांनाही ते माझ्याइतकंच आवडलं असावं, कारण ते त्यांनी लक्षात ठेवलं.

तर संगणक बंद पडायला लागल्यावर डोईफोड्यांनी आपला इंजिनिअर पाठवला. टाय लावलेला इंजिनिअर बार्शीत एप्रिलमध्ये दिसणं हीच मुळात घटना होती. त्याने एकही कॅबिनेट न उघडता फरशीकडे बघितलं, खाली वाकून एक बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॉईश्चर."

दोन दिवसांनी त्याचा टाईप केलेला अहवाल आला. प्रयोगशाळेची फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, त्यामुळे ओलावा निर्माण होतो, तो यंत्रांत शिरतो, सबब बिघाड हा मालातील दोष नसून स्वच्छता कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा आहे. ज्या गावात त्या उन्हाळ्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, त्या गावातले तीस संगणक ओलाव्याने आजारी पडले होते.

प्राचार्य हिरेमठांनी मला बोलावून घेतलं. सज्जन माणूस. कोणाचंही वाईट व्हावं असं त्यांना वाटत नसे आणि ते होत असताना ते खिडकीबाहेर बघत.

"सोमवारी विद्यापीठाची समिती येतेय," ते म्हणाले. "नव्या अभ्यासक्रमाला मान्यता हवी असेल तर हे प्रकरण त्याच्या आधी मिटायला हवं. अहवालाखाली विभागप्रमुख म्हणून तुमची सही लागेल."

"आणि यमुनाबाई?"

हिरेमठ सरांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्यांना कायम करायचा कागद माझ्याकडेच आहे. आता हलगर्जीपणाचा अहवाल आल्यावर... म्हणजे ते आपोआपच होतं, केसकर. आपण काही करत नाही. शिवाय रोजंदारीचंही अप्पा पुढे किती चालू देतील, सांगता येत नाही."

"सर, फरशी पुसल्याने संगणक बंद पडत नाहीत."

"मग कशाने पडतात?"

तज्ज्ञाला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं.

"तुम्ही समजूतदार आहात," हिरेमठ सर म्हणाले. "शनिवारी अप्पा येतायत, डोईफोडेही असतील. तोवर सही करून आणा."

"अभ्यास करून सांगतो," मी म्हणालो. नाहीही म्हणायचं नाही आणि होही म्हणायचं नाही, यासाठी सुशिक्षित माणसाकडे हे एक फार सोयीचं वाक्य असतं.

यमुनाबाईंना बातमी माझ्याआधी कळली होती. महाविद्यालयात बातम्या शिपायांच्या खोलीतून प्राध्यापकांकडे जातात. शुक्रवारी दुपारी वर्ग संपल्यावर त्या हजेरीपट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं रडतील. मी मनातल्या मनात धीराची दोन वाक्यं जुळवायला घेतली.

"सर, हे बघा," त्या म्हणाल्या आणि हजेरीपटाची मागची पानं उघडली.

पेन्सिलीने आखलेले तक्ते होते. उभे तीस रकाने, आडव्या तारखा. प्रत्येक वेळी कोणतं मशीन पडलं तिथे फुली, फुलीशेजारी वेळ. एकवीस दिवसांचा हिशेब. सातवी शिकलेल्या बाईने केलेला.

"हे कशाला लिहिलंत?"

"केमिस्ट्रीला नळी फुटली की आमच्यावरच यायचं. तवापासून सवय हाय. काय बी नवीन आलं की लिहून ठिवायचं." त्यांनी बोट ठेवलं. "ही पहिली पाच घरं. खिडकीकडची. एक बी फुली न्हाई. बाकी पंचवीसमधलं एक बी सुटलं न्हाई. आन ह्या तीन तारखा बघा. नळाला पाणीच नव्हतं. कोरडा केर काढला नुसता. तरी सात फुल्या हायत."

मी तक्ता बघत राहिलो.

"आणखी एक हाय. टायपिंगच्या तासाला गप बसत्यात. चित्रं काढायच्या तासाला पडत्यात."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला, आणि तोही दुसऱ्याने दिवा हातात आणून दिल्यावर. टायपिंगला संगणकाला फारसं काम नसतं. चित्रांच्या प्रोग्रामला तो दमतो, जास्त वीज मागतो. जास्त मागितली की देणारा कमी पडतो, आणि यंत्र टक् करून बसतं. रॅम नाही, विंडोज नाही, व्हायरस नाही. ज्या डब्याकडे कोणी लक्ष देत नाही तो डबा. पाच आठवडे मी खोडरबर झिजवत होतो आणि ही बाई फरशी पुसता पुसता निदान करून मोकळी झाली होती.

"दार लावून घ्या," मी म्हणालो.

खिडकीकडच्या दोन नंबरचा पॉवर सप्लाय काढला, चौदाचा काढला आणि अदलाबदल केली. यमुनाबाईंनी टॉर्च धरला. दोन्ही संगणकांवर चित्रांचा प्रोग्राम लावला, सगळ्यात जड चित्र उघडलं आणि आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहिलो. चौथ्या मिनिटाला टक् झालं. पाच आठवड्यांत एकदाही न पडलेला दोन नंबर पडला. चौदा नंबर तासभर झाला तरी सुरूच होता.

"म्हंजी रोग डब्यात हाय," यमुनाबाई म्हणाल्या.

"पण वजन तर सारखं लागतं!" मी दोन्ही डबे दोन हातांत धरून म्हणालो. माझ्या हातातला काटा मला अजून सोडवत नव्हता.

"उघडा की मग."

मी वॉरंटीचं सील फाडलं आणि चौदा नंबरचा डबा उघडला. आत जेवढा माल हवा त्याचा तिसरा हिस्सा होता. बारकी गुंडाळी, अर्धवट भरलेली पट्टी. आणि कडेला, पत्र्याला पिवळ्या गोंदाने चिकटवलेला एक लोखंडी ठोकळा. त्याला एक लाल आणि एक काळी वायर जोडलेली होती. दोन्ही वायरींची दुसरी टोकं त्याच ठोकळ्याला परत येऊन मिळत होती. त्या ठोकळ्याला एकच काम होतं, जड लागायचं.

यमुनाबाई वाकून बघत होत्या. "हे कशाला असतं, सर?"

"माझ्यासारख्यांसाठी," मी म्हणालो.

पुढचा अर्धा तास आम्ही आणखी सहा डबे उघडले. सहाही तसेच. यमुनाबाईंचा चेहरा उजळला होता. माझ्या कपाळावर घाम होता. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, उकडतंय फार.

शनिवारी सकाळी अकराला प्राचार्यांच्या दालनात बैठक भरली. अप्पासाहेब नलवडे मधल्या खुर्चीत, शेजारी जावई, समोर हिरेमठ सर. यमुनाबाईंना दाराशी उभं केलं होतं, कारण ज्याच्याविषयी बैठक असते त्याला खुर्ची द्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

"सही केली का हो?" अप्पांनी विचारलं.

मी पिशवीतून लोखंडी ठोकळा काढला आणि टेबलावरच्या काचेवर ठेवला. काच वाजली.

"हे काय?"

"चारशे वॅट, अप्पा," मी म्हणालो. "लेबलवर तसं लिहिलंय."

मग मी सगळं मांडलं. तक्ता दाखवला, पाण्याविना गेलेले तीन दिवस दाखवले, अदलाबदलीचा प्रयोग सांगितला, खरा आणि खोटा असे दोन्ही डबे उघडून शेजारी शेजारी ठेवले. आदल्या रात्री आरशासमोर तयारी केली होती, त्यामुळे बोललो छान. हिरेमठ सर खिडकी विसरून ठोकळ्याकडे बघत राहिले. अप्पांनी तो उचलला, हातात तोलला आणि जावयाकडे बघितलं.

डोईफोडे शांत होते. त्यांनी फाईल उघडली, एक कागद काढला आणि अप्पांसमोर सरकवला.

"अप्पा, हा माल पोचल्याच्या दिवशीचा दाखला. वाचून दाखवू? 'सर्व तीस संगणकांची कॅबिनेट उघडून, प्रत्येक सुटा भाग तपासून पाहिला असता माल नमुन्याबरहुकूम व अस्सल आढळला.' खाली सही, विभागप्रमुख केसकर. सरांनी स्वतः उघडून पाहिलंय. तेव्हा अस्सल होता." त्यांनी माझ्याकडे बघून आदराने मान तुकवली. "सरांसारखा जाणकार चुकणार नाही."

"अर्थात," अप्पा म्हणाले.

"म्हणजे आत हे जे निघालंय ते नंतर आलं. कोणीतरी चांगले काढले, विकले आणि हे बसवले." ते मागे टेकले. "प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, सर?"

हिरेमठ सर म्हणाले, "यमुनाबाईंकडे."

सगळे दाराकडे बघायला लागले. कालपर्यंत हलगर्जीपणा होता, आता चोरी झाली होती. आणि पुरावा मी स्वतःच्या हाताने पिशवीत घालून आणला होता.

"किल्ली माझ्याकडंच असतीया," यमुनाबाई म्हणाल्या. आवाज सरळ होता. एवढंच बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

आता मी ज्या गोष्टीचा इतका वेळ उल्लेख टाळला ती सांगतो. माल आला त्या दिवशी डोईफोड्यांनी संपूर्ण विभागाला, म्हणजे मला, शेतावर जेवायला नेलं होतं. बाराला निघायचं होतं. साडेअकरापर्यंत मी खिडकीकडचे पाच संगणक उघडून पाहिले होते. सगळा माल अस्सल होता. "बाकीचेही असेच आहेत, सर," डोईफोडे म्हणाले, "रस्सा निवेल." मी दाखल्यावर सही केली. तीस लिहिलं होतं, तीसखाली केली. तज्ज्ञ मोजून किती कॅबिनेट उघडतो याचा त्यांचा अभ्यास माझ्या हार्डवेअरच्या अभ्यासापेक्षा पक्का होता. त्यांनी पाच खरे आणले होते आणि ते खिडकीकडे, उजेडात, माझ्या सोयीच्या जागी मांडले होते.

आदल्या दिवशी चौदा नंबरचा डबा उघडला तेव्हाच मला हे कळलं होतं. उकाडा वगैरे काही नव्हता. आणि आरशासमोर मी जे भाषण बसवलं ते नेमकं त्या दाखल्याला वळसा घालून जाईल असं बसवलं होतं. मला वाटलं होतं दाखल्याची आठवण कोणाला असणार.

"केसकर," अप्पा म्हणाले, "तुम्ही तपासलं तेव्हा माल बरोबर होता ना?"

हो म्हणायचं होतं. नुसतं हो. एका अक्षराचं काम. माझी नोकरी, माझं नाव, माझ्या हातातला काटा, सगळं जागच्या जागी राहणार होतं. डोईफोडे माझ्याकडे बघून प्रेमाने हसत होते. बुडत्याला दोर टाकणारा माणूस हसावा तसे. मी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं ते असं: "त्याचं असं आहे की..."

हिरेमठ सरांना त्यांची खिडकी परत सापडली होती. यमुनाबाई तशाच बघत होत्या. त्या हात जोडतील, रडतील, निदान 'मी चोर न्हाई' एवढं तरी म्हणतील, म्हणजे मला चिडायला तरी जागा मिळेल, असं वाटत होतं. त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

"मी पाचच उघडली," मी म्हणालो.

"काय?"

"पाचच कॅबिनेट उघडली, अप्पा. खिडकीकडची. उरलेल्या पंचवीसांना मी हात लावला नाही. दाखला खोटा आहे. आत काय होतं ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे नंतर बदललं असं मला म्हणता येणार नाही. हवं तर न उघडलेले अठराही डबे आत्ता उघडू. सील कंपनीचंच आहे, फाटलेलं नाही. ज्या सातांचं फाटलंय ते काल मी फाडलंय."

डोईफोड्यांचं हसू हळूहळू उतरलं. अप्पा दाखल्याकडे बघत होते, जावयाकडे नाही. नात्यातल्या माणसाकडे बघायची वेळ टाळायला कागद बरा पडतो.

"म्हणजे तुम्ही खोटी सही केलीत," ते म्हणाले.

"हो."

"संस्थेच्या कागदावर."

"हो, अप्पा."

"मास्तर माणसाने?" त्यांना खरोखरच धक्का बसला होता. जावयाने पंचवीस डब्यांत लोखंड भरलं होतं, पण तो व्यापारी होता. पापी त्या खोलीत मी एकटाच निघालो.

त्या दुपारी सगळ्यांसमक्ष उरलेले डबे उघडले. हिरेमठ सर स्वतः हजर राहिले आणि त्यांनी दर ठोकळ्याला "अरेरे" म्हटलं. रविवारी डोईफोड्यांची गाडी आली आणि पंचवीस नवे पॉवर सप्लाय बसवून गेली. वरून माल चुकीचा आला होता, असं त्यांनी सांगितलं. सोमवारी विद्यापीठाची समिती आली, चहा प्याली, एका संगणकावर पत्ते खेळून बघितले आणि प्रयोगशाळा उत्तम असल्याचा शेरा देऊन गेली.

माझ्यावर ठपका आला. विभागप्रमुखपद काढून घेतलं. विभागात दुसरं कोणी नसल्यामुळे ते पद वर्षभर रिकामं राहिलं आणि त्याची सगळी कामं मीच केली. वर्षअखेर माझी नेमणूक पुढे वाढवली नाही. डोईफोड्यांना पुढच्याच साली ग्रंथालयाच्या कपाटांचं काम मिळालं. कपाटं लोखंडी होती, म्हणजे काम योग्य माणसाकडे गेलं असं म्हणावं लागेल. यमुनाबाईंचा कागद मात्र जूनमध्ये सुटला. हिरेमठ सरांनी निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यावर सही केली. त्यांनी आयुष्यात धाडस म्हणून काय केलं असेल तर ते एवढंच, आणि माझ्या मते ते पुरेसं होतं.

मी बसस्टँडच्या मागे दुरुस्तीचं दुकान टाकलं. बरं चाललं. गिऱ्हाईक बसलेलं असलं की मी त्या शनिवारची गोष्ट सांगायचो. सांगता सांगता ती चांगली तयार झाली होती. तीत मी ठोकळा टेबलावर ठेवतो, सत्तेच्या डोळ्याला डोळा भिडवतो आणि क्षणाचाही विचार न करता सत्य बोलतो. 'त्याचं असं आहे की' हे वाक्य तीत नसायचं.

चार वर्षांनी यमुनाबाई दुकानात आल्या. बरोबर मुलगी होती, रेणुका. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि तिला संगणक घ्यायचा होता.

"बोल, काय काय हवं?" मी रेणुकाला विचारलं.

"मोठा मॉनिटर," ती म्हणाली. "आणि माऊस लाल दिवा लागणारा."

"ते मागनं," यमुनाबाई म्हणाल्या. "आधी पॉवर सप्लाय दाखवा."

मी तीन काढून ठेवले. त्यांनी एकेक फिरवून पाहिला, पंख्याच्या जाळीतून आत डोकावल्या आणि मला दोन प्रश्न असे विचारले की माझ्या दुकानातल्या पोरांना सुचले नसते. मग रॅम किती, पुढे वाढवायला जागा राहते का, मदरबोर्ड कोणता धरायचा, असं आम्ही ठरवत गेलो. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. तिच्यासमोर मला राहवेना.

"तुला सांगितलंय का आईने?" मी म्हणालो. "त्या बैठकीत काय झालं होतं ते? मी सरळ सांगून टाकलं अप्पांना."

रेणुकाने आईकडे बघितलं. आईने मदरबोर्डच्या खोक्याकडे.

"सांगते की आई," रेणुका म्हणाली आणि हसू दाबायला लागली.

"काय सांगते?"

"काय न्हाई, सर," यमुनाबाई म्हणाल्या.

"नाही, सांगा."

त्यांनी खोकं खाली ठेवलं. "तुमी पाचच उघडली हे मला ठावं होतं. माल आला त्या दिवशी स्क्रू कोन धरून उभं हुतं? वाटी माझ्याच हातात हुती. एका मशीनचे चार. वाटीत वीसच्या वर कधी गेलंच न्हाईत."

मी हातातला पॉवर सप्लाय खाली ठेवला.

"मग तुम्ही तिथेच का नाही सांगितलंत? तुमच्यावर चोरी घालत होते ते!"

"मी बोलले असते तर तुमची नोकरी मी घालवली असती," त्या म्हणाल्या. "तुमी बोलला. ती तुमची तुमी घालवली."

"आणि मी गप्पच बसलो असतो तर?"

"तर बोलणारच हुते. फुकट चोर कशाला ठरू? पर म्हनलं, मास्तर माणूस हाय, जरा वेळ द्यावा. मनात दहा आकडे मोजत हुते."

रेणुका आता तोंडावर ओढणी धरून हसत होती.

"मी कितीला बोललो?" मी विचारलं.

"नवाला," यमुनाबाई म्हणाल्या.